घरचा गहू

पहिला मांडा आत्याबाईंच्या हातावर फाटला. पुरणाचा लगदा खापरावर पडला, तिथून घसरत चुलीत गेला आणि जळक्या गुळाचा वास मांडवामागच्या अंगणभर पसरला. आत्याबाईंनी बोटांना चिकटलेली फाटकी पारी सोडवली, परातीच्या कडेला ठेवली आणि माझ्याकडे न बघताच हात पुढे केला.

"दुसरा दे."

मी दुसरा उंडा दिला. मला नववा महिना लागला होता. चुलीच्या झळीपासून लांब, भिंतीला टेकून बसायचं आणि परातीतले उंडे एकेक करून द्यायचे, एवढंच काम आत्याबाईंनी मला नेमून दिलं होतं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, द्वारकाबाई. आमचं गाव रावेरच्या खाली, तापीच्या अंगाला. केळीचा मुलूख. त्या भागात कुठंही मानाचं लग्न असलं की मांडे करायला आत्याबाईंना बोलावणं यायचं. पैसे त्या घेत नसत. लुगडं, खण, नारळ आणि पंगतीत पहिल्या पाटाचा मान.

ज्यांनी मांडे करताना कधी पाहिलं नाही त्यांना सांगते. गहू ओलवून दळायचा, कपड्यातून गाळायचा आणि त्या सपिठाची सैल कणीक तिंबून तिंबून अशी करायची की ओढली तर यावी, पण तुटू नये. तिच्यात पुरण भरून उंडा करायचा, थोडासा लाटायचा आणि मग दोन्ही पालथ्या हातांवर फिरवत फिरवत वाढवायचा. पंजापासून मनगट, मनगटापासून कोपर. चांगल्या हातांवर तो असा वाढतो की खालची काकणं दिसावीत. मग तो अलगद पालथ्या खापरावर टाकायचा. आत्याबाई हे करायला लागल्या की पोरीबाळी कामं टाकून बघायला यायच्या. त्या दिवशीही आल्या होत्या. नवऱ्या मुलाकडच्या बायकाही आल्या होत्या.

दुसरा मांडा मनगटाशी येऊन फाटला. तिसरा पंजावरच. चौथ्याला आत्याबाईंनी हाताला पाणी लावलं, पाचव्याला तेल. सहाव्याला त्यांनी डोळे मिटले. मी त्यांना मांडे करताना कधी डोळे मिटलेलं पाहिलं नव्हतं.

नवरीची आई शकुंतला फालक लगबगीनं आल्या. "जिजी, जरा दम घ्या. धग जास्त झाली का चुलीची?"

"धगीचं काय? मांडा हातावर फाटू राह्यला, खापरावर नही," आत्याबाई म्हणाल्या.

"गहू तर बरा आहे ना?"

"गहू घरचा हाय." आत्याबाईंचा आवाज कडक झाला. "माह्या घरचा. मी सोता आनला."

ते खरं होतं. दुसऱ्याच्या गव्हावर त्यांचा भरवसा नसे. लग्न कोणाचंही असो, मांड्यांचा गहू आमच्या नदीकाठच्या तुकड्यातला. तो दरवर्षी तसाच येई आणि दरवर्षी त्या तो हातात घेऊन मूठ आवळून बघत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, म्हणून हल्ली निवडायचं काम माझ्याकडे होतं. त्या फक्त दाण्याचा भरदारपणा बोटांनी चाचपत. त्या वर्षीचा दाणा तर नेहमीपेक्षाही टपोरा होता.

वऱ्हाडातली एक बाई दुसरीच्या कानाशी बोलली. कानाशीच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हात गेले वाटतं बाईचे."

आत्याबाईंनी हातातला उंडा खाली ठेवला. मग पोळपाट मागवला. जाड जाड पोळ्या लाटून कशाबशा खापरावर टाकल्या. त्याही उलथताना मोडल्या. शेवटी शकुंतलाबाईंनी आचाऱ्याला सांगून पुऱ्या तळून घेतल्या. आमरसाबरोबर मांड्यांऐवजी पुऱ्या वाढल्या गेल्या, आणि पुरुषांच्या पंगतीत त्यावरून हशा पिकला तो आम्हाला अंगणात ऐकू आला. पहिल्या पाटावर आत्याबाई बसल्याच नाहीत. चूल विझेपर्यंत त्या तिथंच बसून होत्या आणि मी त्यांच्यामागं.

घरी आल्यावर त्यांनी मोरीत जाऊन हात धुतले. खूप वेळ धुतले. जसं काही हातांवरचं काही निघत नव्हतं.

त्या संध्याकाळी माझे यजमान डिगंबर त्यांच्याजवळ येऊन बसले. तेव्हा मी त्यांचं नाव घेत नसे, आता सांगताना घेते. केळीची मोठी बाग, सोसायटीत नुकतेच संचालक झालेले, बोलणं मोजकं. आईशी ते एरवी दोन-तीन शब्दांवर बोलत नसत. त्या दिवशी त्यांनी तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले.

"माय, आता पुरे कर व. किती वर्सं लोकाइच्या चुली फुंकशील? हात तरी किती पुरतील?"

आत्याबाई म्हणाल्या, "काल पावतर चांगले व्हते रे."

"वय झालं आता. होतं असं." ते तिच्या हातांवरून बोटं फिरवत राहिले. "उद्या आपुन भुसावळले जाऊ. डॉक्टरले दाखवू."

मी दारात उभी होते. माझ्या मनात आलं, किती जीव आहे या माणसाचा आईवर आणि आपल्याला कधी कळलंच नाही. खरं सांगते, त्या रात्री मला माझ्या नशिबाचा अभिमान वाटला होता.

भुसावळला मीही गेले होते. मलाही तपासून घ्यायचं होतं. डॉक्टरांनी आत्याबाईंची बोटं मिटवून पाहिली, उघडून पाहिली. सुईचं टोक एकेका बोटाला टोचून "समजतंय का?" विचारलं. आत्याबाई प्रत्येक वेळी "हो" म्हणत होत्या आणि डिगंबर त्यांचा दुसरा हात धरून उभे होते. डॉक्टर म्हणाले, "तसं काही दिसत नाही. वयोमानानं ताकद कमी होते. गोळ्या देतो आणि हा रबरी चेंडू दाबत जा."

परतताना आत्याबाई सबंध वाट चेंडू दाबत होत्या.

त्यानंतर त्या बदलल्या. आधी खापर माळ्यावर गेलं. मग चहाचा कप त्या दोन्ही हातांनी धरायला लागल्या. एकदा तेलाची बुधली हातातून निसटली, जशी कोणाच्याही हातून निसटते. पण त्यांनी त्यानंतर बुधलीला हातच लावला नाही. विहिरीवरून कळशी आणणं सोडलं. देवापुढं निरांजन लावायचं ते मला सांगायच्या. कोणी घरी आलं की हात पदराखाली. अंगणातून जाणाऱ्या बायका विचारायच्या, "कसे हाय व आता हात?" आणि त्या म्हणायच्या, "गेले ते गेले."

मला दुसरी मुलगी झाली. पहिलीचं बाळंतपण माहेरी झालं होतं, पण तिला इथं आणल्यावर वर्षभर न्हाऊमाखू आत्याबाईंनीच घातलं होतं. पायांवर पालथी घालून अशा चोळायच्या की पोर रडता रडता झोपून जायची. मी वाट बघत होते की आता या बाळाच्या निमित्तानं तरी त्यांचं मन लागेल. सुईण गेल्यावर मी बाळ त्यांच्यापुढं धरलं.

"घ्या ना, आत्याबाई."

त्या मागं सरकल्या. "नही व माय. मी हात नही लावनार."

"असं काय करता?"

"सांडली हातातून त मी काय करू?" त्यांचे डोळे भरले होते. "माह्या हातचं मांड्याचं पीठ सुटलं. पोर सुटली त?"

शेजारच्या कमलकाकू येऊन बाळाला न्हाऊ घालू लागल्या. आत्याबाई पाणी तापवून द्यायच्या, टॉवेल धरायच्या, पण बाळाला शिवायच्या नाहीत. खोलीच्या दारात उभ्या राहून, मान उंच करून बघायच्या. मला ते बघवायचं नाही.

डिगंबरांना मी सांगितलं. ते म्हणाले, "राहू दे. जबरदस्ती नको. तिला आराम पडतोय."

आराम? मी त्यांच्याकडे बघितलं. ते पायातले बूट काढत होते.

माझ्याही पोळ्यांचं त्या उन्हाळ्यात काही खरं नव्हतं. तव्यावरून उतरेपर्यंत बऱ्या, दुपारपर्यंत पापडासारख्या मोडायच्या. मी म्हटलं, अंगात शक्ती नाही, तिंबणं पुरत नसेल. घरातल्या दोघी बायका, दोघी आपापल्या हातांना दोष देत बसलो होतो.

मग कुरडयांचा दिवस आला. पावसाच्या आत कुरडया व्हायला हव्यात म्हणून कमलकाकूंनी दोन्ही घरांचा गहू भिजवला होता. मी बाळंतीण, माझी बाज ओसरीवर टाकलेली, तिथून मला अंगण दिसायचं. भिजलेला गहू वाटून, पाण्यात कोळून, चीक वेगळा करायचा आणि चोथा पिळून टाकायचा. एका घंगाळ्यात आमचा गहू, दुसऱ्यात त्यांचा.

कमलकाकू तोंडानं अखंड बोलणाऱ्या. अचानक म्हणाल्या, "हेमा, तुमचा गहू कुरडयांसाठीच जन्मला बघ! चीक बघ केवढा बसला. दुधावानी पांढरा. माझ्या गव्हाचा याच्या मानानं काहीच नाही."

"बरं झालं," मी म्हटलं.

"अन् चोथा बघ ना. नुसता भुसा. मुठीत धरला की सुटतोय." त्यांनी दुसऱ्या घंगाळ्यातला गोळा उचलला आणि दोन्ही हातांनी ओढला. तो लांबच लांब झाला, रबरासारखा, आणि तुटायचं नाव घेईना. "माझा बघ. ही चिवट घाण धुता धुता माझे खांदे गेले."

मी उठून बसले. "काकू, परत ओढा."

"का गं?"

"ओढा ना."

त्यांनी ओढला. मी त्या ताणलेल्या पडद्याकडे बघत राहिले. त्याच्याआडून कमलकाकूंच्या हिरव्या काकणांचा रंग दिसत होता.

आमचं आणि कमलकाकूंचं शेत एका बांधाचं. बियाणं एकाच पोत्यातलं, दोघांनी निम्मं निम्मं घेतलेलं. पेरणी पाठोपाठच्या दिवशी, पाणी एकाच विहिरीचं. आणि मला आठवलं की फालकांच्या लग्नाआधी गहू निवडताना त्या टपोऱ्या दाण्यांच्या पोटाशी मला पांढुरके डाग दिसले होते. खडूनं पुसल्यासारखे. मूठभर दाणे मी डिगंबरांना दाखवलेही होते. ते बराच वेळ बघत राहिले होते आणि मग म्हणाले होते, "चांगला आहे. निवड."

संध्याकाळी डिगंबर शेतातून आले. मी चहा दिला. आत्याबाई मागच्या दारी मोठीला घेऊन बसल्या होत्या. चालत्या बोलत्या पोरीला जवळ घ्यायला त्यांना भीती वाटत नसे.

मी सहज म्हटलं, अगदी सहजच, "आज आपल्या गव्हाचा चोथा नुसता भुसा निघाला. काकूंचा मात्र चांगला चिवट."

"त्याला युरियाचा पुढचा हप्ता बसला नाही ना," ते बशीतल्या चहावर फुंकर मारत म्हणाले.

आणि थांबले. बशी तशीच हातात राहिली.

मी विचारलं, "कोणता हप्ता?"

"हिवाळ्यात युरिया मिळत नव्हता, आठवतं ना? लायनी लागत होत्या. जेवढा मिळाला तेवढा केळीला टाकला. केळी उभी होती, तिला नसता दिला तर सगळी बाग बसली असती. गव्हाला पेरणीत दिलं होतं, म्हटलं भागेल." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "पुढं पानं पिवळी पडली तेव्हा कृषी सहायक साळुंखे आले होते बांधावर. ते म्हणाले, आता युरियातलं नत्र नाही मिळालं तर दाणा भरेल, उताराही फार पडणार नाही, पण दाण्यात जीव राहणार नाही. नत्रानंच गव्हात चिवटपणा येतो. ते नसलं की आत नुसती पिठी. पांढरे डाग पडतात. पोळीला नाही चालत असा गहू."

"आणि मांड्यांना?"

ते बशीतल्या चहाकडे बघत राहिले.

"तुम्हाला माहीत होतं."

"आधी नव्हतं. म्हणजे, वाटलं होतं, जमेल. माय करते तर जमेलच." त्यांनी बशी खाली ठेवली. "मांडवात पुऱ्या आल्या तेव्हा समजलं."

"मग तिथंच का नाही सांगितलं?"

"चारचौघांत? काय सांगू, माझाच गहू खोटा निघाला म्हणून?"

"बरं, तिथं नाही. घरी? घरी तर आपणच होतो."

मागच्या दारातून मोठीचं हसणं येत होतं.

"घरी..." ते म्हणाले. "हेमा, तुला नाही कळायचं. सोसायटीत माणसं बसतात, कोणीतरी म्हणतं, संचालकांच्या मातोश्री आल्या होत्या आमच्याकडं मांडे करायला. हसत म्हणतात. मी किती वेळा सांगितलं होतं तिला, बंद कर. ऐकलं का? म्हटलं, बरंच झालं. सुटली एकदाची. तिलाही आराम, मलाही."

"त्या बाळाला हात लावत नाहीत," मी म्हटलं.

"लावेल हळूहळू."

"तुम्ही सांगा त्यांना. आज सांगा."

"आता सांगून काय होणार? उगाच तिच्या मनाला..." आणि ते उठून बाहेर निघून गेले.

मी दोन दिवस वाट बघितली. ते बोलले नाहीत. आपण सांगावं असं कितीदा तरी तोंडाशी आलं. पण आत्याबाईंनी ते ऐकून काय केलं असतं? सून आपली समजूत घालतेय, एवढंच त्यांना वाटलं असतं. आणि मुलावर असा ठपका? तो तर त्यांनी माझ्यावरच उलटवला असता.

सव्वा महिना झाल्यावर मी कमलकाकूंकडून पायलीभर गहू मागून घेतला. ओलवला, दळून आणला, माझ्या मऊ जुन्या साडीतून गाळला. कणीक तिंबली. पुरण शिजवलं. मग माळ्यावरून खापर उतरवून अंगणातली चूल पेटवली.

आत्याबाई बाहेर आल्या. "काय करू राह्यली तू?"

"मांडे."

"तुले येते का?"

"नाही येत. शिकते."

"अव, अंगात शक्ती नही तुह्या. अन् कोनासाठी? कोन खाईन?" त्यांचा आवाज चढला. "ठेव ते खापर वर. मले नही पाह्यचं ते."

"तुम्ही नका पाहू."

त्या आत गेल्या नाहीत. तुळशीच्या ओट्याशी उभ्या राहिल्या, हात पदराखाली घेऊन. मी उंडा लाटला आणि हातांवर घेतला. मला खरंच येत नव्हतं. फिरवायची लय साधत नव्हती, उंडा एका बाजूला लोंबायचा, मी घाबरून तो सावरायची. माझ्या मनगटांवर तो वेडावाकडा होत होता. कुठं जाड, कुठं पातळ, नुसता नकाशा. पण फाटत नव्हता. मी ओढत होते आणि तो येत होता. धांदरटपणे, कोपराच्या खाली, अजून खाली.

"थांब," आत्याबाई म्हणाल्या.

मी थांबले.

त्या जवळ आल्या. माझ्या हातावरून लोंबणाऱ्या कडेला त्यांनी एका बोटानं स्पर्श केला. मग चिमटीत धरून हळूच ओढलं. कड लांबली, त्यांच्या चिमटीबरोबर आली.

"ही कनिक कोनाच्या गव्हाची?"

"कमलकाकूंच्या."

त्या परातीपाशी बसल्या. उंडा घेतला, दाबला, लाटला आणि पालथ्या हातांवर टाकला. पहिले दोन फेरे सावकाश होते. तिसऱ्या फेऱ्याला त्यांचे खांदे हलायला लागले आणि मग मी जे त्या लग्नाच्या आधी कितीदा पाहिलं होतं ते परत पाहिलं. मांडा मनगटावरून उतरला, कोपराशी आला आणि त्याच्याआडून त्यांची काकणं दिसायला लागली. तो त्यांनी खापरावर टाकला. एक सुरकुती नाही.

त्या मांड्याकडे बघत बसल्या. तो जळला तरी उचलला नाही.

"आपल्या गव्हाले काय झालं व्हतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "ते येतील आता. त्यांना विचारा."

डिगंबर आले तेव्हा दुपार कलली होती. पडवीत ताट मांडलं होतं. मांडा पाहून ते उभेच राहिले.

"बस," आत्याबाई म्हणाल्या. "कमलच्या गव्हाचा हाय. आता सांग, आपल्या गव्हाले काय झालं?"

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसून सगळं सांगितलं. युरिया, केळी, पिवळी पानं, साळुंखे. काही लपवलं नाही, तेवढं मी म्हणेन. केळीला युरिया टाकला हे ऐकून आत्याबाईंनी मान हलवली, शेतकऱ्याच्या बाईला ते कळतं.

"तुले कधी समजलं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"लग्नाच्या दिवशी."

"लग्नाच्या दिवशी," त्या म्हणाल्या. मग, अगदी हळू आवाजात, "लोकाइनं हसलं, त्याचं काही नही रे. चार दिवस हसतेत. पन तू मले डॉक्टरकडे नेलं."

डिगंबर खाली मान घालून बसले होते.

"डॉक्टर सुई टोचे. तू माहा हात धरून उभा व्हता. तुले माहीत व्हतं, हाताले काही नही झालं. तरी तू हात धरून उभा व्हता."

ते म्हणाले, "माय..."

"जेव," आत्याबाई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. थोड्या वेळानं मला आतून पाण्याचा आवाज आला आणि बाळाचं रडणं. त्यांनी तिला पायांवर घेतलं होतं. अवेळी, ऊन उतरल्यावर, अंगाला तेल नाही काही नाही. पोर रडत होती आणि त्या चोळत होत्या. त्याही रडत होत्या. मी दारातूनच परतले.

दुसऱ्या दिवशी डिगंबर फालकांच्या घरी गेले. स्वतःहून गेले, कोणी सांगितलं नव्हतं. शकुंतलाबाईंच्या ओट्यावर चार माणसं असताना त्यांनी सांगितलं की गहू माझ्यामुळं बिघडला, मायचा दोष नाही. गावात दोन दिवस बोलणं झालं. लोक हसले, पण फार नाही. त्या हिवाळ्यात युरियासाठी सगळ्यांनीच लायनी लावल्या होत्या.

पुढच्या हंगामात त्यांनी गव्हाला इतका युरिया टाकला की पीक कमरेच्या वर गेलं, काळंभोर हिरवं. लोक बांधावर थांबून बघायचे. फाल्गुनातल्या एका वाऱ्यात सगळं आडवं झालं. दाणा निघाला तो बारीक, सुरकुतलेला. आत्याबाईंनी तो ओंजळीत घेतला, बोटांनी चाचपला आणि म्हणाल्या, "एक वर्स उपाशी मारला, एक वर्स कोंबला. इतकंच त जमलं तुले." त्या प्रकारानंतर पहिल्यांदा त्या डिगंबरांशी हसल्या. मग तिसऱ्या वर्षी गहू सरळ आला. बेताचं खत, वेळेवर, निम्मं पेरणीत आणि बाकीचं पाण्याच्या पाळीबरोबर.

आत्याबाई आणखी पुष्कळ वर्षं लग्नाघरी जात राहिल्या. डिगंबर स्वतः मोटारसायकलवर सोडायला जायचे. त्यांच्यात भांडण असं कधीच झालं नाही. एकदा आत्याबाईंना जोराचा ताप भरला तेव्हा डिगंबर म्हणाले, चल, भुसावळला नेतो. आत्याबाई म्हणाल्या, "हेमासोबत जाईन." एवढंच. आणि त्या माझ्याबरोबर एसटीनं गेल्या. पुढं प्रत्येक वेळी तसंच. डिगंबर फाट्यापर्यंत पोचवायचे आणि परत जायचे.

त्या गेल्या त्याला आता बराच काळ झाला. त्या दोघांमधलं जे होतं ते त्यांच्याबरोबर गेलं, असं मला वाटायचं.

गेल्या थंडीत मी स्कूटीवरून पडले. वळणावर गाडी थांबेना, मी बांधावर गेले. लागलं फारसं नाही, गुडघा सोलला. डिगंबर धावत आले. मला उठवलं, घरी आणलं, जखम धुतली, हळद लावली. फार प्रेमानं केलं. मग माझ्याजवळ बसून म्हणाले, "हेमा, आता गाडी नको चालवत जाऊस. वय झालं. हातापायांत पहिल्यासारखा दम राहत नाही. कुठं जायचं तर मला सांग, मी सोडतो."

मी "बरं" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी लंगडत लंगडत मी गाडी गॅरेजवर नेली. मिस्त्रीला म्हटलं, आधी ब्रेक बघ. त्यानं वायर ओढून पाहिली, चाक फिरवून पाहिलं, स्वतः एक चक्कर मारून आला.

घरी आले तेव्हा डिगंबर ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. गाडी बघून त्यांचे हात थांबले.

"कुठं गेली होतीस?"

"गॅरेजवर."

"काय म्हणाला तो?"

"ब्रेक चांगले आहेत म्हणाला."

ते माझ्याकडे बघत राहिले. केस सगळे पांढरे झालेत आता त्यांचे. शेंगांची टोपली त्यांनी मांडीवरून उतरवून खाली ठेवली.

"अजून तपासून बघतेस?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं आणि त्यांच्या शेजारी बसून शेंगा सोलायला घेतल्या.